गुडघ्याची एक, बोटांची एक

दातिवऱ्याच्या येसूबाईचा एक नियम होता. भवानी झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. नियम तिचा नव्हता, तिच्या सासूचा होता आणि त्याआधी सासूच्या सासूचा होता. पण येसूबाई तो असा पाळायची, की जणू दर्याच पायरीपर्यंत येऊन तिच्या कानात सांगून गेला होता. पहिलं गिऱ्हाईक यावं, पहिला माल पाटीतून उतरावा, मगच पोटाचा विचार. आधी खाल्लं तर माल अंगावर पडतो. चहा चालतो, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. मिश्रीही चालते, ती तर थुंकूनच टाकायची असते. पण भाकरीचा तुकडा? येसूबाईचे डोळे असे व्हायचे, की देणाऱ्याने हात आपोआप मागे घ्यावा.

नवरा गेला तेव्हा रामू सात वर्षांचा होता. तेव्हापासून घर त्या पाटीवर चाललं होतं. मनोरच्या आठवड्याच्या बाजारात सुकं, म्हणजे सुकी मासळी, विकायला येसूबाई पहाटे निघायची. सफाळ्यापर्यंत एस्टी, पालघरपर्यंत गाडी, पुढे पुन्हा एस्टी, आणि प्रत्येक एस्टीत कंडक्टर नाकावर रुमाल धरून ओरडायचा, "ओ मावशी, पाटी टपावर! टपावर!"

"टपावर तुज्या सासूला बसव," येसूबाई म्हणायची आणि पाटी मांडीशी घेऊन बसायची.

बाजारात तिची जागा ठरलेली, चिंचेखाली. तिथे बसून ती हाळी द्यायची, ती हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू जायची. "ये गो बाय, बघ तरी! बघाया काय तुज्या बापाचं जातंय? वाजवून घे बोंबील, वाजवून! वाजला नाय तं पाटीत टाक!" दोन सुके बोंबील दोन हातांत धरून एकमेकांवर मारले की खट् वाजले पाहिजेत. मऊ वाजला तर त्यात ओल आहे, आठ दिवसांत अळ्या. हे अख्ख्या मनोरला येसूबाईने शिकवलं. कुठला जवळा चाळून घ्यायचा, कुठला मासा कशाबरोबर खायचा नाही, दुधाआधी काय आणि ताकानंतर काय, याची तिच्याजवळ एवढी कलमं होती, की वकिलाने येऊन उतरवून घ्यावीत.

अशा बाईची बोटं पन्नाशी ओलांडताच वाकडी होऊ लागली. सकाळी उठली की मुठी मिटलेल्याच, तासभर उघडायच्या नाहीत. गुडघे सुजून नारळाएवढे. पाटी डोक्यावर घेताना ती दर्याची, देवीची आणि मेलेल्या नवऱ्याची अशी तिघांची नावं घ्यायची. त्यातला नवरा शिव्यांसाठी होता.

हंसा, रामूची बायको, दारात उभी राहून हे बघायची. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बोंबील वाळायला वलांडीच्या बांबूंवर टांगणं, उलटणं, उतरवणं, मीठ लावणं सगळं तिच्याकडे होतं. फक्त विकणं नव्हतं.

"आये, मी जाते ना मनोरला," ती एकदा म्हणाली.

"तू?" येसूबाईने वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू भाव सांगशील का जोगवा मागशील? तुजा आवाज चुलीपास्नं मोरीपर्यंत जात नाय."

म्हणजे प्रश्न गुडघ्यांचा नव्हताच, पाटीचा होता. पाटी एकदा सुनेच्या डोक्यावर गेली की सासूच्या डोक्यावर परत येत नाही, हे येसूबाईला पक्कं ठाऊक होतं. तिने स्वतःच आपल्या सासूच्या डोक्यावरून ती तशीच उतरवली होती.

म्हणून ती पालघरला डॉक्टरकडे गेली. डॉक्टर शहरात शिकलेला, बोलणं कडक इस्त्रीचं.

"सकाळी बोटं आखडतात? साधारण किती वेळ?"

"डाक्टर, बोटा माज्या सांगण्यात नाय. पाटी उचला सांगते तं रुसून बसतात."

"हं. पोटाचा काही त्रास? जेवण वेळेवर होतं ना?"

हा प्रश्न येसूबाईला लागला. "आमच्या घरात माशाला तोटा हाय काय? जेवते तं! पोटभर जेवते!"

डॉक्टरने लिहिलं. 'जेवण वेळेवर' असंच लिहिलं असणार. कधी जेवता, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मग खिडकीत कंपाउंडर पुंडलिक. हा माणूस नाकातून बोलायचा आणि एका श्वासात बोलायचा. पुडी सरकवत तो म्हणाला, "पिवळीसकाळीएकसंध्याकाळीएकजेवणावरपंधरादिवसांनीदाखवाऽऽ, पुढचा!"

यातला फक्त 'पुढचा' स्पष्ट होता, आणि तो येसूबाईसाठी नव्हता.

पुडीतली गोळी तिने वाजवून पाहिली नाही. जगाला बोंबील वाजवून घ्यायला लावणाऱ्या बाईने ती पहाटे चहाबरोबर गिळली आणि पाटी उचलली. गोळी म्हणजे औषध, औषध म्हणजे खाणं नव्हे, तेव्हा नियमही मोडला नाही.

आणि गोळीने काम केलं हो! चौथ्या दिवशी मूठ उघडली. आठव्या दिवशी ती कंडक्टरच्या रुमालाला धरून एस्टीत चढली. पंधराव्या दिवशी डॉक्टरला दाखवायचं होतं, पण बरं वाटतंय तर दाखवायचं काय? रिकामी पुडी दुकानात दाखवली, तशाच पिवळ्या गोळ्या मिळाल्या. हंसा दारात उभी होती. येसूबाई तिच्याकडे बघून मुद्दाम दोन पावलं जास्तच ठसक्यात चालली.

रामू त्या वेळी तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. जवळच्या पाम गावात खोली करून चौघांत राहायचा, सुटीला घरी यायचा. त्याच्या खोलीत रामकिसन नावाचा मुकादम होता. एका सुटीला रामूने खिशातून कागदाची गुंडाळी काढली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या.

"रामकिसनने दिल्या," रामू म्हणाला, आणि छाती फुगवून त्याचाच आवाज काढला, "'ले जा रामू, अम्मा को दे! हम लोग दिनभर लोहा ढोता है, साम को दो गोली, सुबह फिर घोडा!'"

"रामकिसन डाक्टर हाय काय?" हंसाने विचारलं.

"मुकादम हाय."

"मग?"

"मग काय? लोकंड उचलतो तो, लोकंड!"

येसूबाईच्या दरबारात निकाल लागला. डॉक्टर काय उचलतो? पेन. रामकिसन लोखंड उचलतो. आता प्रश्न एवढाच, की पिवळी चालू असताना पांढरी घ्यायची कशी? इथे तिने जी युक्ती काढली ती मासेमारी करणाऱ्या घरालाच सुचावी. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात, एक होडीचा, एक जाळ्याचा, एक हातांचा. कुणी कुणाच्या वाट्याला हात लावत नाही. तसेच येसूबाईने दुखण्याचे वाटे पाडले. पिवळी गोळी गुडघ्याची. पांढरी बोटांची.

"आये, गोळीला कसं कळतं कुठं जायचं ते?" हंसा म्हणाली.

"तुला कसं कळतं केळव्याला माहेरी जायचं ते? तसंच."

चार पांढऱ्या तिने शेजारच्या शकूलाही दिल्या. शकू वाडीवाल्यांची, दिवसभर केळी-पानवेलीत वाकून तिची कंबर धरलेली. शकूने एक घेतली, दुपारभर पोट धरून बसली आणि उरलेल्या तीन परत घेऊन आली. "येसूबाय, विस्तव हाय गो हा!"

"तुमची पोटं केळी खाऊन मऊ झाली," येसूबाई म्हणाली आणि तिन्ही गोळ्या पिवळ्यांसोबत पदराच्या गाठीत ठेवल्या. टाकून कशा द्यायच्या? वाटा परत आला तर तो घरचाच.

पोट तिचंही जळत होतं. पण जळणं म्हणजे औषध लागतंय, असं तिने ठरवलं. तिखट लागलं नाही तर कालवण कसलं? पावलं सुजली, तीही चालण्याने. मग एक दिवस ती परसाकडून आली आणि हंसाला म्हणाली, "काल माकलं जास्तच झाली गो. सगळं काळं काळं."

माकलाच्या पोटात शाईची पिशवी असते. ती न काढता रांधलं की कालवण काळं, आणि दुसऱ्या दिवशी बाकीचंही काळं, हे दातिवऱ्यात पोराटोरांना ठाऊक. त्यामुळे काळं बघून तिथे कुणी घाबरत नाही. आधी कालवण आठवतं.

हंसाने हातातला बोंबील खाली ठेवला. "आये, माकलं होऊन आठ दिस झाले. काल जवळा होता."

"मग शाई उशिरा उतरली."

"आठ दिस?"

"तू रांधलीस ना? मग उतरणार उशिराच."

हंसाने बोंबील पुन्हा उचलला. सुनेने माहेरची शपथ घालून सांगितलं असतं तरी येसूबाईला ऐकू आलं नसतं, कारण सांगणारीला पाटी हवी होती. पाटी हवी असणाऱ्या माणसाचा सल्ला खरा असूच शकत नाही!

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पहाटे चहा, चहावर एक गुडघ्याची, एक बोटांची. पाटी डोक्यावर. एस्टीत घाम सुटला. मनोरला चिंचेखाली बसली तेव्हा बाजार तिच्याभोवती हळूहळू फिरायला लागला होता. पण भवानी व्हायची होती. नवसी आली. डोंगराकडच्या पाड्यावरची हे जुनं गिऱ्हाईक. ती तांदूळ आणायची आणि सुकं न्यायची, आणि दोघींची घासाघीस ऐकायला शेजारचा मिरचीवाला धंदा थांबवायचा.

नवसीने दोन बोंबील घेतले, वाजवले. "आज तुजा बोंबील वाजत नाय, येसूबाय."

"तुजं कान बघ. अधोलीभर तांदूळ टाक, मंग वाजंल."

"अधोली? त्यात मी तुजी पाटीच नेन!"

"ने की. डोक्यावर ठेवाया डोकं हाय का..."

वाक्य तिथेच राहिलं. येसूबाई पाटीवर आडवी झाली आणि तिला उलटी झाली. चहाचा चोथा असावा तशी, काळपट तपकिरी. नवसीने तांदूळ तसाच जमिनीवर टाकला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मिरचीवाल्याने ट्रक थांबवला. ट्रकात चढवताना येसूबाईने डोळे किलकिले करून विचारलं, "तांदूळ घेतला काय गो?"

"घेतला, घेतला. तू निजून राह."

"मग भवानी झाली," येसूबाई म्हणाली आणि बेशुद्ध पडली.

पालघरच्या दवाखान्यात ती अकरा दिवस होती. रक्त चढवावं लागलं. ते रामूने दिलं, आणि रामकिसनही तारापूरहून येऊन बाहेरच्या बाकावर चार तास बसला.  डॉक्टर आला की उभा राहायचा, गेला की बसायचा.

पाचव्या दिवशी, बाई बसायला लागली तेव्हा, डॉक्टरने खुर्ची ओढली. "आता मला सगळं दाखवा. जे जे घेत होता ते."

येसूबाईने पदराची गाठ सोडली. "ही गुडघ्याची. ही बोटांची."

डॉक्टरने दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या. शेजारी शेजारी ठेवून निरखल्या. मग त्याच्या बोलण्याची इस्त्री थोडी मोडली. "बाई, ह्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोघी एकच काम करतात, सूज उतरवतात. आणि दोघी एकच नुकसान करतात, पोटाला आतून सोलतात. एका वेळी एकच घ्यायची असते. तुम्ही एका चुलीवर दोन सासवा बसवल्या."

मागे उभ्या हंसाला ठसका लागला.

"आणि ह्या काय खाऊन घेतल्यात? रिकाम्या पोटी?"

"रिकाम्या कशाला? चाय घेते ना."

"चहा म्हणजे खाणं नव्हे!"

"तेच तं मी म्हंते!" येसूबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टर तिच्या बाजूने बोलला होता.

"मग खाता कधी?"

"भवानी झाल्यावर."

डॉक्टरला भवानी कळली नाही. ती हंसाने समजावली, अगदी हळू आवाजात. पहाटेपासून भवानीपर्यंत, म्हणजे कधी कधी दुपारपर्यंत. डॉक्टरने कपाळाला हात लावला आणि पुंडलिकला बोलावून घेतलं. "तू हिला काय सांगितलं होतंस?"

"जेवणावरसांगितलंसाहेबसगळ्यांनासांगतो," पुंडलिक एका श्वासात म्हणाला. एकालाही शब्द कळला नाही. डॉक्टर म्हणाला, "पुन्हा सांग. सावकाश." पुंडलिकने सांगितलं. सावकाश बोलताना तो माणूस इतका वेगळा वाटला, की येसूबाई म्हणाली, "अगो बाय, ह्याला बोलता येतं!"

मग डॉक्टरने सांगितलं, आणि तो स्वतः कुठे चुकला हेही सांगितलं. 'कधी जेवता' हे विचारायला हवं होतं. आता ह्या दोन्ही गोळ्या बंद. पोटातली जखम भरेपर्यंत आणि त्यानंतरही, मला विचारल्याशिवाय एकही नाही. दुकानातली नाही, मुकादमाची नाही, शेजारणीने परत आणलेलीही नाही. फार दुखलं तर ही दुसरी साधी गोळी, ती सूज उतरवत नाही, पण पोट सोलत नाही. तीही ठरवून दिली तेवढीच. गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी शेकायला. बोटं कोमट पाण्यात हलवायची. ताडी?

"ताडी?" येसूबाईने इकडेतिकडे बघितलं. त्या काळी दारूबंदी होती, त्यामुळे गावात ताडी कोणीच पीत नव्हतं. "गळा सुकला तं कवातरी."

"तीही बंद. आणि परसाकडे काळं झालं, तर कालवण आठवायचं नाही. सरळ इकडे यायचं." जाताजाता डॉक्टर दारातून परत वळला. "आणि सकाळी उठल्या उठल्या खायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं."

बाकी सगळं येसूबाईने मान्य केलं. शेवटचं नाही.

दोन महिने मनोरला हंसा गेली. येसूबाई पायरीवर बसून मिठाची पुरचुंडी गुडघ्यावर धरायची आणि रस्त्याकडे बघायची. पहिल्या दिवशी हंसा रिकामी पाटी घेऊन परत आली.

"सगळं खपलं? फुकट वाटलंस काय?"

"नाय. वाजवून दिलं."

"आवाज कुठनं आणलास?"

हंसाने ओटीवर पाटी ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि गळ्याच्या तळातून हाळी उठवली, "ये गो बाय, बघ तरी! बघाया काय तुज्या बापाचं जातंय?" वलांडीवरचे कावळे उडाले. शकू कुंपणाशी धावत आली. "येसूबाय, तू उठलीस?"

येसूबाईने पुरचुंडी दुसऱ्या गुडघ्यावर धरली.

दोन महिने संपले. डॉक्टर म्हणाला, जखम भरली आहे, हलकं काम करा. येसूबाईला 'काम करा' एवढंच ऐकू आलं. पहाटे ती उठली, पाटी पुसली, बोंबील रचले. बोटं आखडलेली होती, गुडघे कुरकुरत होते. पण पाटी तिची होती. हंसाने चहा दिला आणि त्यासोबत भाकरी. येसूबाईने चहा घेतला. भाकरीकडे बघितलंही नाही.

"आये, डाक्टर काय म्हणाला?"

"डाक्टर कवा विकलाय बोंबील? भवानी झाल्याबिगर घास नाय. माजी सासू..."

"खाल्ल्याबिगर दारातनं जायाचं नाय."

"तू माला अडवतेस?"

हंसा दारात उभी होती तिथून हलली नाही. मग तिने भाकरी टोपलीतून उचलली आणि पाटीपुढे उकिडवी बसली. नवसी बसायची तशीच.

"बोंबील कसा दिला गो, मावशी?"

येसूबाईने भुवया उंचावल्या. "काय?"

"बोंबील. कसा दिला? का विकायचा नाय?"

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं येसूबाईच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. हात आपोआप पाटीत गेला. "भाकरीला दोन."

हंसाने दोन बोंबील उचलले, कानाशी धरले आणि वाजवले. "ह्यो वाजतो. ह्यो नाय वाजत. ओल हाय. चार दे."

"चार? पीठ तरी दिसतं का ह्या भाकरीत? ही कागदासारखी थापलीस आणि चार मागतेस?"

"तांदळाची हाय. चार. नायतर चालले, पलीकडं शकूकडं."

"शकूकडं केळी हायत, बोंबील नायत! तीन."

"चार, आणि भाकरी अर्धी."

"अर्धी!" येसूबाईचा आवाज फाटला. तीस वर्षं घासाघीस करून नवसीनेही तिला एवढं खाली आणलं नव्हतं.  बाहेर सफाळ्याची एस्टी घुरघुरायला लागली होती. "तीन घे, भाकरी अक्की दे, आणि मेलीस तरी पुन्हा येऊ नको."

"तीन तं तीन," हंसा म्हणाली आणि तीन बोंबील ओच्यात टाकून भाकरी पुढे केली.

भवानी झाली. आता न खायला कारण उरलं नव्हतं. सासूच्या सासूलाही सापडलं नसतं. येसूबाई भिंतीला टेकून बसली आणि भाकरी चावू लागली, सावकाश, कारण दातही पाटीएवढेच जुने होते. खाताना तिचं लक्ष सुनेच्या ओच्यातल्या तीन बोंबलांवर होतं. तिन्ही कडक वाजणारे. ओल असलेला एकही तिने घेतला नव्हता.

एस्टीने भोंगा दिला.

"जा," येसूबाई म्हणाली.

"कुठं?"

"मनोरला. माजी भवानी झाली. आज माजा बाजार झाला." आणि हंसाने पाटी उचलून डोक्यावर घेतली तेव्हा मागून ओरडली, "नवसीला सांग, अधोलीच्या खाली बोलू नको म्हणावं! आणि पुढच्या बाजाराला मी जानार हाय, ऐकलंस? तुज्या भाकरीच्या भरवशावर नको राहू!"

हंसाने वळून बघितलं नाही. एस्टीतून कंडक्टरचा आवाज आला, "ओ बाई, पाटी टपावर!" आणि लगेच त्याला उत्तर आलं. आवाज कोणाचा होता हे पायरीवर बसलेल्या येसूबाईलाही क्षणभर सांगता आलं नसतं.